आयडलिंगला बंद पडणारी गाडी: सुटे भाग बदलण्याआधी हवेची गळती शोधा

वेगात गाडी मस्त पळते, पण सिग्नलला थांबून न्यूट्रल केली की आरपीएमचा काटा थरथरतो आणि इंजिन बंद. ही तक्रार सांगितली की लगेच सल्ले येतात: प्लग बदला, फ्युएल पंप बदला, ऑक्सिजन सेन्सर टाका. तपासणी न करता यातलं काहीही विकत घेऊ नका. इथे मी इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाड्यांबद्दलच बोलतोय.

आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता साधारण ७०० ते ९०० आरपीएमला इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी) झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन अगदी थोड्या हवेवर चालतं. त्या थोड्या हवेत कुठूनतरी चोरवाटेने भर पडली की मिश्रण बिघडतं. वेगात मुळातच भरपूर हवा आत जात असते, त्यामुळे तीच गळती जाणवतही नाही.

आधी लक्षण नीट पाहा. ब्रेकचं पेडल दाबल्यावर इंजिन डगमगत असेल तर ब्रेक बूस्टर (इंजिनच्या ओढीने ब्रेकला जोर देणारा भाग) किंवा त्याचा पाइप बघा. पेट्रोल भरल्यावर लगेच बंद पडत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकल्याची शक्यता मोठी. एसी लावल्यावरच मरत असेल तर थ्रॉटल बॉडीत कार्बन आहे किंवा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा सांभाळणारा) अडकतोय. तापल्यावर बंद पडून गार झाल्यावरच चालू होत असेल तर क्रँक सेन्सरवर (क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणाऱ्या) संशय घ्या.

साध्या गोष्टी. एअर फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल, अर्थची वायर. पाच मिनिटांचं काम.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०५०५ कोड आला तर आयडल कंट्रोलकडे वळा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. हा कोड दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. बहुतेक वेळा तो सेन्सर खरं तेच सांगत असतो. कोडवर न थांबता फ्युएल ट्रिमचे आकडे वाचा, म्हणजे मिश्रण सांभाळायला कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. शॉर्ट ट्रिम म्हणजे त्या क्षणाचा बदल, लाँग म्हणजे मुरलेला. आयडलिंगला शॉर्ट आणि लाँग ट्रिमची बेरीज अधिक २० टक्क्यांच्या आसपास आहे आणि आरपीएम २५०० वर धरल्यावर ती शून्याकडे सरकतेय, तर हवेची गळती आहे. आरपीएम वाढवूनही आकडा चढाच राहिला तर फ्युएल प्रेशर किंवा एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) तपासा. ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सरऐवजी मॅनिफोल्डचा (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) प्रेशर सेन्सर असतो, तिथे गळतीमुळे आयडलिंग उलट चढतं आणि हा हिशेब तितका चोख लागत नाही.

गळती शोधणं. खरी कसोटी इथे आहे, आणि मला सर्वांत जास्त त्रास याच कामाने दिलाय. पाइप वरून पाहून ‘ठीक आहे’ म्हणू नका. भेग बहुतेक वेळा खालच्या बाजूला, वळणावर किंवा क्लॅम्पच्या कडेला असते. पीसीव्हीचा (इंजिनातली ऑइलची वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप त्या वाफेने लिबलिबीत होतो. दोन बोटांत दाबलात की लगेच कळतं. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा घड्यांचा रबरी पाइप तर हाताने ताणून प्रत्येक घडी उघडून बघा.

तपासणी इंजिन गार असतानाच सुरू करा. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट गार असताना हवा घेतं आणि तापलं की फुगून बसतं. मग तासभर शोधूनही काही सापडत नाही. गाडी मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढलेला, बाह्या आणि ओढणी पट्ट्यापासून लांब. इंजिन चालू ठेवून एकेक व्हॅक्यूम पाइप (इंजिनच्या ओढीला जोडलेले बारीक रबरी पाइप) पकडीने, मध्ये फडकं धरून, क्षणभर चिमटा. ज्या पाइपला चिमटल्यावर इंजिन स्थिरावतं, गळती त्याच वाटेवर आहे. ब्रेक बूस्टरच्या पाइपची ही चाचणी गाडी उभी असतानाच करायची.

गॅस्केटच्या कडेला साबणाचं पाणी बारीक फवारा, वायरिंग सांभाळून. आवाज बदलला की तिथेच थांबा. कार्बोरेटर क्लीनर फवारायचा सल्ला सर्रास दिला जातो. तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो पेट घेतो, म्हणून मी तो कुणालाच देत नाही. एवढं करूनही सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या. बंद इंजिनमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि तो भेगेतून बाहेर येताना दिसतो. अंदाजाने घेतलेल्या एका सेन्सरपेक्षा हा खर्च केव्हाही सार्थकी लागतो.

भेगेवर टेप किंवा सीलंट लावू नका. पाइप बदला, तोही व्हॅक्यूमसाठीच बनवलेला. साधा पाण्याचा पाइप आतल्या ओढीने चपटा होतो.

थ्रॉटल बॉडी. झडपेच्या कडेला कार्बनची काळी रिंग दिसली तर थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ फडक्याने पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर इग्निशन बंद ठेवा आणि झडप बोटाने जोरात ढकलू नका, आतले गिअर तुटतात. साफ केल्यावर आयडलिंग चढेल. मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे आयडल रीलर्न करा, म्हणजे कॉम्प्युटरला आयडलिंग नव्याने शिकवा. झडपेचा स्टॉप स्क्रू फिरवून आरपीएम वाढवणं हा इलाज नव्हे. त्याने दोष झाकला जातो आणि पुढची तपासणी करणाऱ्याचीही दिशाभूल होते.

ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकला असेल तर तो काढून साफ करावा. फ्युएल पंपाकडे सर्वांत शेवटी वळा, आणि तेही गेज लावून प्रेशर मोजल्यावरच.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, गाडी थोडी फिरवून आणा आणि ट्रिम पुन्हा वाचा. दोन्ही आकडे शून्याच्या जवळ, फार तर १० टक्क्यांच्या आत हवेत. मग एसी, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावून इंजिन आयडलिंगला दहा मिनिटं चालू ठेवा, आणि मधूनमधून स्टीअरिंग पूर्ण वळवून बघा. स्टीअरिंग टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका.