संवर्धन शिकायला अमेरिकेत येताय? आधी पैशाचं बघू

चित्रं, वस्त्रं, हस्तलिखितं यांच्या संवर्धनाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला निघालेली मुलं-मुली मला पहिल्यांदा फीबद्दल विचारतात. खरं तर फीपेक्षा जास्त ओढाताण होते ती प्रवेशाआधी आणि पदवीच्या तोंडावर.

इथे हा अभ्यासक्रम मोजक्याच ठिकाणी आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाचं केंद्र १९६० पासूनचं. डेलावेअर विद्यापीठ विंटरथर संग्रहालयासोबत शिकवतं. शिवाय न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो आहे, आणि पुरातत्त्वीय वस्तूंसाठी यूसीएलए-गेटी (लॉस एंजेलिसचं विद्यापीठ आणि गेटी संस्था यांचा अभ्यासक्रम). वर्ग अगदी लहान, डेलावेअरला वर्षाला साधारण १० जण. पण निवड झालेल्यांना फीत मोठी सवलत आणि स्टायपेंड (राहण्या-जेवण्याचा भत्ता) मिळण्याची शक्यता चांगली असते. या शिक्षणामागे मेलन, क्रेस, गेटी अशा प्रतिष्ठानांनी वर्षानुवर्षं पैसा उभा केला आहे.

प्रवेशासाठी सेंद्रिय रसायनशास्त्र, कलेतिहास, हाताने केलेल्या कामाचा पोर्टफोलिओ आणि अनुभवी संवर्धकाच्या हाताखाली शेकडो तास काम लागतं. हे तास भारतातच पुरे करा. लखनौची राष्ट्रीय प्रयोगशाळा किंवा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र यांसारख्या ठिकाणी विचारा, तासांची नोंद ठेवा, सही घ्या. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरच आणि आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, त्यामुळे इथे येऊन हे तास भरता येतील या भरवशावर राहू नका.

पत्रात लिहिलेला स्टायपेंड हातात तेवढाच येत नाही. फीसाठीच्या मदतीवर कर नाही, पण राहण्या-जेवण्यासाठीच्या फेलोशिपमधून साधारण १४ टक्के कापले जातात. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि भाडं भरताना फार जड गेलं. भारत-अमेरिका करारानुसार भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून ठरावीक रकमेची करवजावट) मिळतं, म्हणून कराचं विवरणपत्र भराच. कापलेल्यातला बराच पैसा परत येऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटचं वर्ष बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ इंटर्नशिपचं असतं आणि ती अनेकदा सीपीटीवर, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीवर होते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली, की त्याच पातळीच्या पदवीवरची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर इथे काम करण्याची परवानगी जाते. उन्हाळ्यातल्या पूर्णवेळ प्लेसमेंटचे महिनेही यात धरले जातात. दोन उन्हाळे आणि शेवटचं वर्ष एकत्र केलं तर १२ महिने सहज ओलांडतात. पहिल्याच सत्रात डीएसओसोबत (विद्यापीठातला व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) कागदावर महिने मांडा. संग्रहालयांतल्या फेलोशिप, म्हणजे ठरावीक मुदतीची कामं, बहुतेक पदवीनंतरच मिळतात, आणि ओपीटी नसेल तर हातातली फेलोशिप सोडावी लागू शकते. ज्या संग्रहालयांना जे-१ (देवाणघेवाणीचा व्हिसा, त्यावर ओपीटीशिवायही फेलोशिप करता येते) देता येतो, त्यांची यादी वेगळी करून ठेवा.

ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. काम करण्याच्या परवान्याचं कार्ड यायला महिने लागू शकतात, तेव्हा ही मुदत सुरू होताच अर्ज भरा.