भाडूत दर 11 महिन्यांनी का बदलतो? बडोद्यातल्या घरमालकांनो, या चुका टाळा

घर सोडताना भाडूत "काका, ऑफिस लांब पडतं" एवढंच सांगतो. खरं कारण सांगत नाही, कारण त्याचं डिपॉझिट अजून तुमच्याकडे असतं. ते कारण बहुतेक वेळा पाच महिन्यांपूर्वीच्या एखाद्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये सापडतं: "काका, बाथरूमचा नळ गळतोय." खाली तुमचं उत्तर: "बघतो." आणि त्यापुढे काहीच नाही.

"बघतो" म्हणून सोडून देणं

नळ गळतो याचा त्रास होतोच, पण त्याहून जास्त लागतं ते कोणी दाद न देणं. दुरुस्ती आठ दिवसांनी होणार असली तरी चालतं, फक्त वार आणि वेळ त्याच दिवशी कळवा: "शनिवारी सकाळी 10 ला प्लंबर येईल." पाणी, वीज, संडास आणि मुख्य दाराचं कुलूप या चार गोष्टी मात्र त्याच दिवशी बघायला हव्यात. प्लंबर आणि वायरमनचे नंबर पहिल्याच दिवशी भाडूताला द्या आणि 1,000 रुपयांपर्यंतचं काम न विचारता करून भाड्यातून वळतं करायची मोकळीक द्या. निम्म्या तक्रारी तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

ज्या सोसायट्या बोअरच्या पाण्यावर आहेत, तिथे बरेचसे बिघाड खारामुळे होतात. नळाची धार बारीक झाली तर नळ बदलू नका. तोंडाची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. गीझर पाणी उशिरा तापवू लागला की एलिमेंटवर खाराचा थर चढलेला असतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, तो उघडून साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला. तो रॉड टाकीऐवजी स्वतः गंजतो. तो संपला की टाकी गंजायला लागते आणि मग अख्खा गीझर जातो. फ्लश टाकी गळते का, हे कळायला टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि 20 मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचं रबर गेलंय.

ओल तशीच ठेवून वरून रंग मारणं

बडोद्यात सर्वात जास्त घरं या एका चुकीने रिकामी होतात, असं आमचं मत आहे. मे महिन्यात भिंत कोरडी दिसते, रंगारी पुट्टी भरून दोन हात मारतो आणि जुलैत त्याच जागी फुगे येतात. कपाटातले कपडे कुबट होतात, लहान मूल खोकायला लागतं, आणि भाडूत मनातल्या मनात दुसरं घर शोधू लागतो.

आधी ओल कुठून येते ते शोधा. एक फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि 24 तास ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे, तिथे एक्झॉस्ट पंखा लावून काम भागतं.

ओलीची भिंत बाथरूमला लागून असेल तर नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड) कापडाने घट्ट बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी 24 तास उभं ठेवा. ओल वाढली तर दोष फरशीच्या सांध्यात किंवा ट्रॅपच्या कडेला आहे. वाढली नाही तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. तो तरीही फिरत असेल तर भिंतीतला पाइप गळतोय. वरच्या मजल्यावर गच्चीचा उतार आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड तपासा. वॉटरप्रूफिंग एप्रिल-मेमध्येच करा, जूनच्या मध्यावर पाऊस आला की उशीर झालेला असतो. आणि रंग सर्वात शेवटी, प्लास्टर पूर्ण सुकल्यावर.

विश्वामित्री नदीच्या आसपास घर असेल तर पुराचं लपवू नका. ऑगस्ट 2024 मध्ये समा, फतेगंज, अकोटा भागात पाणी शिरलं होतं, हे नव्या भाडूताला शेजारी सांगणारच. तळमजल्याचा मीटर आणि इन्व्हर्टर उंचावर घेतलाय का, पाणी वाढलं तर गाडी कुठे लावायची, हे तुम्हीच आधी सांगितलं तर विश्वास बसतो.

बिलाचा घोळ

इथे घरगुती विजेचं बिल दोन महिन्यांचं येतं. भाडूत मधल्या तारखेला राहायला आला की जुन्या भाडूताचे युनिट त्याच्या माथी पडतात आणि पहिल्याच महिन्यात कडवटपणा येतो. चावी देताना दोघांनी उभं राहून मीटरचा फोटो काढा आणि आकडा करारात लिहा. पाइप गॅसच्या मीटरचंही तसंच. सबमीटर (मुख्य मीटरवरून भाडूतासाठी बसवलेला वेगळा मीटर) असेल तर बिलातल्या दरानेच पैसे घ्या. युनिटमागे दोन रुपये जास्त लावलेले लपत नाहीत.

न सांगता येणं आणि ऐनवेळी नियम काढणं

घर तुमचं असलं तरी संसार त्याचा आहे. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात घरमालकाने यायच्या 24 तास आधी कळवावं असं म्हटलंय. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण एवढी शिस्त कोणीही पाळू शकतो. त्याच मसुद्यात दुरुस्त्यांची वाटणी आहे: रंग, पाइप आणि वायरिंग मालकाकडे, वॉशर, स्विच, कुलूप यांची किरकोळ कामं भाडूताकडे. ही यादी सरळ करारात घाला.

बडोद्यात दोन भांडणं तर ठरलेली. नवरात्रात गरब्याहून पहाटे परतणाऱ्या मुलींना फाटक बंद मिळतं, आणि उत्तरायणला, 14-15 जानेवारीला, गच्चीला कुलूप असतं. पाइप आणि टाक्या तुटतात ही भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे टाकीवर चढायचं नाही एवढी अट घालून चावी देणं. इथे पतंगाच्या दिवशी गच्ची नाकारणं भाडूत वर्षभर विसरत नाही. मांसाहाराचं, पाहुण्यांचं, पार्किंगचं जे काही असेल ते घर दाखवतानाच बोला.

नूतनीकरणाचं शेवटच्या आठवड्यात काढणं

11 महिन्यांच्या करारात नवव्या महिन्यातच विचारा: "राहणार ना? घरात काय करून हवंय?" आणि वाढ करारातच लिहून ठेवा. समजा भाडं 15,000 आहे. 5 टक्के वाढ म्हणजे महिना 750, 10 टक्के म्हणजे 1,500. जास्तीच्या वाढीतून 11 महिन्यांत 8,250 रुपये मिळतात. त्यापायी भाडूत गेला आणि घर एकच महिना रिकामं राहिलं तर 15,000 बुडाले. दलाली आणि रंगाचा खर्च वेगळाच. वेळेवर भाडं देणाऱ्या, घर नीट ठेवणाऱ्या माणसाला 5 टक्क्यांवर ठेवा आणि त्याने सांगितलेलं एक काम करून द्या: जाळीचा दरवाजा, स्वयंपाकघरात एक जादा प्लग.

डिपॉझिट अडकवणं

जाणाऱ्या भाडूताचं यात काय, असं वाटेल. पण त्याचे ऑफिसातले मित्र, युनिव्हर्सिटीतल्या मैत्रिणी हेच तुमचे पुढचे भाडूत असतात. खिळ्यांची भोकं, फिकट झालेला रंग ही वापराची झीज आहे, त्याचे पैसे कापू नका. फुटलेलं बेसिन हे नुकसान, ते पावती दाखवून कापा. घर घेतानाचे फोटो समोर ठेवून दोघं मिळून खोल्या फिरा, शेवटच्या वीजबिलापुरते अंदाजे पैसे मागे ठेवा आणि बाकी सगळी रक्कम चावी हातात घेताच त्याच्या खात्यात टाका.