ऑफिसात फूड ट्रक बोलावताय? आधी तवा मोजा

कँटीनच्या त्याच त्या पनीर ग्रेव्हीला लोक कंटाळले की एचआरमधलं कुणीतरी उत्साही पोर मोबाइल पुढे करतं, "सर, आपण फूड ट्रक बोलवूया ना!" रीलमध्ये दिव्यांच्या माळा, हातभर ताणलेलं चीज. ट्रक तासाला किती प्लेटा काढतो, ते मात्र त्यात नसतं. आम्हा ॲडमिनवाल्यांना नेमकं तेवढंच हवं असतं.

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात मी पहिल्यांदा डोशाचा ट्रक बोलावला, तेव्हा मीही ते विचारलं नव्हतं. माणसं १८०, सुट्टी एक ते दोन. तव्यावर एका वेळी चार डोसे. पाणी मारणं, पीठ फिरवणं, लोणी, भाजी, घडी असं सगळं धरून एका खेपेला चार मिनिटं. म्हणजे तासाला ६०. चौथीतल्या पोराचं गणित, पण मी ते केलं दोन वाजता, रांग सिक्युरिटी केबिनला वळसा घालून गेटबाहेर गेल्यावर. टेस्टिंगच्या एक मॅडम म्हणाल्या, "दादा, आमचा डोसा चहाबरोबरच येणार वाटतं." डोसेवाले मामा घामाघूम. आच वाढवली तर डोसा करपतो, त्यांचा काय दोष? शेवटी कोपऱ्यावरच्या टपरीवरून ८० वडापाव मागवून अब्रू झाकली.

तेव्हापासून ट्रक ठरवण्याआधी मी संध्याकाळी तो उभा असतो तिथे जातो, न सांगता, आणि मोबाइलवर दहा प्लेटांची वेळ लावतो. फोनवर सांगितलेला आकडा मी निम्माच धरतो. शिवाय तव्यावरच्या पदार्थासोबत पातेल्यातला एक पदार्थ हवाच. मिसळीला उसळ, फरसाण, कट, पाव. अर्धं मिनिटही लागत नाही. मजल्यांना वेगवेगळी वेळ द्या. "सगळ्यांना सोडू एकदम, बघू काय होतं ते" म्हणणारे भेटतात. काय होतं ते मी बघितलंय.

दुसरी चूक जागेची. एकदा ऊन नको म्हणून ट्रक मागच्या भिंतीच्या सावलीत लावला. एसीला बाहेरची हवा ओढणारी जाळी तिथेच डोक्यावर होती, हे कुणाच्या ध्यानात? मिरचीची फोडणी पडली आणि पाच मिनिटांत दुसरा मजला खोकायला लागला. क्लायंटच्या कॉलवर बसलेल्यांच्या डोळ्यांतून पाणी. जनरेटरचा धूरही त्याच वाटेने वर. आता मी ठरलेल्या जागी आदल्या दिवशी जेवणाच्याच वेळेला उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघतो. लोक हसतात, हसू देत. ट्रकची उंचीही विचारून घ्या. बेसमेंटच्या कमानीला टप घासला की भांडण तुमच्या अंगावर येतं.

बाकीचं थोडक्यात. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर मागा. १ ने सुरू होतो तो परवाना, २ ने ती नोंदणी. नुसत्या फोटोवर जाऊ नका, त्यांच्या फॉसकॉस या वेबसाइटवर टाकून नाव जुळतंय का बघा. लाल, १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर दिसला तर मी ट्रक गेटवरूनच परत पाठवतो. धंद्याला १९ किलोचा कमर्शियलच लागतो. मिनिमम गॅरंटी, म्हणजे किमान अमुक इतक्या विक्रीची हमी, देऊन शुक्रवार घेऊ नका, निम्मी जनता वर्क फ्रॉम होम असते आणि फरक कंपनीच्या खिशातून जातो. संकष्टी-एकादशी कॅलेंडरात बघा. आषाढीला चिकन रोलचा ट्रक आणणारा एक नग आमच्याकडे होऊन गेलाय. बेसमेंटमध्ये रेंज नसते, क्यूआर तिथे गोल फिरत बसतो. पावसाळ्यात ताडपत्री ट्रकवाल्याच्या भरवशावर सोडू नका.

आणि हात धुवायची सोय ट्रकबरोबर येत नाही. आमच्याकडे मिसळीनंतर १८० माणसं तळमजल्याच्या दोन बेसिनांवर गेली होती, आणि त्यातलं एक तुंबलेलं होतं.