मीटरला न दिसणारा शॉर्ट

दुरुस्तीच्या कामात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगतो, कॉइल टेस्टर, म्हणजे कॉइलमधला शॉर्ट पकडणारं छोटं सर्किट, स्वतः बनवा. भाग मोजकेच लागतात आणि एलसी सर्किट (कॉइल आणि कपॅसिटरची जोडी) त्यातून कायमचं डोक्यात बसतं.

वाइंडिंग (कॉइलची गुंडाळलेली तार) तुटली असेल तर मल्टिमीटर लगेच दाखवतो. पण शंभर वेढ्यांपैकी शेजारच्या दोन वेढ्यांचं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा थर) जळून एक वेढा शॉर्ट झाला, तर रोध जेमतेम एक टक्क्याने घटतो. १ ओहमच्या वाइंडिंगमध्ये हा फरक ०.०१ ओहमचा, मीटरच्या वायरींचाच रोध याहून जास्त असतो. तो एक वेढा मात्र शॉर्ट केलेल्या सेकंडरीसारखा (ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटकडच्या वाइंडिंगसारखा) वागतो आणि सगळी ऊर्जा खाऊन टाकतो. पॉवर सप्लायमधला मॉसफेट (स्विचिंग ट्रान्झिस्टर) बदलला की पुन्हा उडतो आणि बाकी सगळे भाग ठीक दिसतात, तेव्हा मी आधी ट्रान्सफॉर्मरकडे वळतो.

कॉइलला समांतर कपॅसिटर लावून छोटा धक्का दिला की आंदोलनं सुरू होतात आणि हळूहळू विरतात. १ मिलिहेन्री आणि ०.०१ मायक्रोफॅरड असेल तर ती साधारण ५० किलोहर्ट्झची. कॉइलचा क्यू (ती ऊर्जा किती टिकवते त्याचं माप) ३० असेल तर दर आंदोलनाला उंची दहा टक्क्यांनी घटते. वेढा शॉर्ट होऊन क्यू ५ वर आला की जवळजवळ निम्मी होते.

सर्किट असं: ९ व्होल्टची बॅटरी, साधारण १०० हर्ट्झवर चालणारा ५५५ टायमर (ठराविक ठोके देणारी आयसी), त्याच्या आउटपुटपासून ६८० पिकोफॅरडमधून कॉइलचं एक टोक, दुसरं टोक ग्राउंडला, आणि कॉइलवर समांतर ०.०१ मायक्रोफॅरड. कॉइलवर साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. हा समांतर कपॅसिटर पॉलिप्रोपिलीनचाच घ्या. साधा सिरॅमिक डिस्क स्वतःच ऊर्जा खातो आणि चांगली कॉइलही मेलेली दिसते. आंदोलनं ऑसिलोस्कोपवर बघा. कंपॅरेटर आणि शिफ्ट रजिस्टर या आयसी लावून ती एलईडीवर मोजता येतात, पण ते नंतर.

आता खरी मजा. चांगला फेराइट ट्रान्सफॉर्मर जोडा, गाभ्याभोवती हुकअप वायरचा एक वेढा घ्या आणि तिची दोन टोकं एकमेकांना टेकवा. लांब शेपटीसारखी आंदोलनं क्षणात दोन-तीनवर येतात. टोकं सोडली की परत उभी राहतात. हा प्रयोग स्वतःच्या हाताने केल्याशिवाय टेस्टरचा निकाल मानू नका.

तपासताना सप्लाय पूर्ण बंद हवा आणि मोठा फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून मीटरने खात्री केलेली हवी. यात घाई नकोच. सेकंडरीचा डायोड शॉर्ट असला तरी आंदोलनं तशीच मरतात, म्हणून शंका आली की ट्रान्सफॉर्मर बोर्डवरून काढून तपासा. लोखंडी पट्ट्यांचा मेन्स ट्रान्सफॉर्मर चांगला असूनही कमीच आंदोलनं देतो. त्याला या टेस्टरवरून बाद ठरवू नका. आणि इन्सुलेशन फक्त उच्च व्होल्टेजला फुटत असेल, तर अर्ध्या व्होल्टला ते कळणार नाही. तिथे त्याच नंबरचा चांगला ट्रान्सफॉर्मर लावून बघावा लागतो.