पावसाळ्याआधी गळक्या खिडक्यांची दुरुस्ती कशी करावी: गोव्यातल्या घरांसाठी

खिडकी गळायला लागली की बहुतेकांचा पहिला हात सिलिकॉनच्या नळीकडे जातो. काचेच्या कडेने जाड रेघ ओढली जाते, पुढच्या जोरदार सरीला तिथेच पुन्हा ओल दिसते आणि जुन्या रेघेवर आणखी एक रेघ चढते. असं होतं, कारण बहुतेक वेळा पाणी काचेजवळून येतच नसतं. ते येतं चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून, खिडकीखालच्या उलट्या उताराच्या पट्टीवरून, नाहीतर वरच्या छज्ज्याच्या भेगेतून. म्हणून आधी पाण्याची वाट शोधा, सामान नंतर आणा.

काम काढा एप्रिल-मेमध्ये. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंती आणि लाकूड तोवर चांगलं वाळलेलं असतं. आपल्याकडे घराला रंग काढायचा तो चतुर्थीच्या तोंडावर, ही जुनी रीत आहे. भिंतींचं त्या वेळी काय करायचं ते करा, पण खिडक्यांचं लाकूड तेव्हा पाणी पिऊन फुगलेलं असतं. त्यावर ऑइल पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि थंडीत रंगाचे पापुद्रे सुटायला लागतात.

सगळ्या खिडक्या एकदम जमणार नसतील तर पश्चिमेकडे आणि नैऋत्येकडे तोंड असलेल्या आधी घ्या. पावसाळी वारा तिकडून येतो आणि झड त्याच भिंतीवर बसते. समोर माडांचा किंवा दुसऱ्या घराचा आडोसा नसेल तर ती खिडकी यादीत पहिली.

पाण्याची वाट शोधा

आधी आतून डाग बघा. वरच्या कोपऱ्यात ओल असेल तर संशय छज्ज्यावर घ्या. चौकटीच्या उभ्या कडेने पट्टा उतरला असेल तर चौकट आणि भिंतीची सांध उघडी आहे. खालच्या दोन कोपऱ्यांत डबकं होत असेल तर ट्रॅक किंवा चौकटीचा जोड. खिडकी वरून कोरडी, पण तिच्याखालची भिंत फुगलेली असेल तर खिडकीखालची पट्टी पाणी बाहेर न टाकता आत ओढते आहे. बोटाच्या पेराने गिलाव्यावर टकटक करा. जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो.

मग पाण्याची परीक्षा घ्या. त्याला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून बागेची नळी धरायची, दुसऱ्याने आत टॉर्च आणि खडू घेऊन बसायचं. पाण्याची धार जोरात मारू नका, पावसासारखं पडू द्या. सुरुवात खालून करा: आधी फक्त खालची पट्टी, दहा मिनिटं. मग चौकटीची खालची सांध, मग उभ्या कडा, मग काच, सगळ्यात शेवटी छज्जा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. आत पहिला थेंब दिसला की बाहेरच्याला हाक मारून थांबवा आणि दोन्ही बाजूंना खडूने खूण करा.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत थोडा धीर लागतो. चिरा सच्छिद्र असतो आणि जुन्या घरांत दोन चिऱ्यांमधला थर मातीचा किंवा चुन्याचा असतो. त्यातून पाणी वाट काढत हातभर लांब जाऊन बाहेर पडतं, तेही कधी तासाभराने. अशा घरात एक खिडकी तपासून झाली की दुसरीवर पाणी मारायची घाई नको. संशय असलेल्या सांधेवर प्लास्टिकचा कागद चिकटवून पुन्हा पाणी मारा. ओल थांबली तर चोर सापडला.

सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या

फ्लॅटमधल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. या खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाऊस शिरणार, हे ती बनवताना धरूनच चाललेलं असतं. शिरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीला लांबट भोकं ठेवलेली असतात. ती धुळीने, किड्यांनी आणि रंगकाम करणाऱ्यांच्या गिलाव्याने बुजतात. कित्येकदा तर कुणीतरी काळजीपोटी त्यांच्यावरच सिलिकॉन भरतो आणि ट्रॅक भरून पाणी थेट खोलीत उतरतं.

पर्वरीला नात्यातल्या एका ताईंकडे हेच झालं होतं. रोज रात्री खिडकीखाली टॉवेलची घडी, सकाळी ती पिळून वाळत. सरकती पल्ली (काचेची झडप) उचलून बाहेर काढली, ट्रॅकमधला चिखल जुन्या टूथब्रशने खरवडला आणि सायकलच्या स्पोकसारखी एक तार बाहेरच्या भोकात घातली. आतून मुंग्यांच्या मातीचा आणि पंखांचा करकरीत बोळा निघाला. मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, ते गुळगुळ आवाज करत बाहेर गेलं. ताई म्हणाल्या, “इतकंच होतं तर सांगायचं नाही का कोणी!”

तुम्हीही हेच करा, पण आधी पल्ली खाली पडणार नाही याची खात्री करा. वरच्या मजल्यावर पल्ली नेहमी आतल्या बाजूलाच काढायची, दोघांनी धरून. पल्लीच्या कडेची ब्रशची पट्टी झिजून टक्कल पडली असेल तर जुनीचा वीतभर तुकडा नमुना म्हणून म्हापसा, पणजी किंवा मडगावच्या अॅल्युमिनियमच्या दुकानात न्या. केसांची उंची जुळली पाहिजे. आखूड घेतली तर फट राहते, उंच घेतली तर खिडकी सरकत नाही. काचेभोवतीचं रबर कडक होऊन कोपऱ्यात आखडलं असेल तर तेही बदला. नवीन रबर ओढून बसवू नका, थोडं सैलच घाला. ताणलेलं रबर महिन्याभरात मागे सरतं आणि कोपरा पुन्हा उघडा पडतो.

एवढं करूनही वादळी रात्री पाणी येत असेल तर ट्रॅकची आतली कड मोजा. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर त्याच्या दाबाने पाणी साधारण १७ मिलिमीटर उंच चढून राहतं. आतली कड त्याहून बुटकी असेल तर भोकं कितीही साफ असली तरी पाणी ओलांडून येणारच. तिथे कड उंच करून घ्यावी लागते, किंवा बाहेरून छज्जा वाढवावा लागतो.

चौकट आणि भिंत यांची सांध

इथे सिलिकॉनचं खरं काम आहे, आणि ते नीट करायचं तर निम्मा वेळ साफसफाईत जातो. जुनं सिलिकॉन कटरने पूर्ण काढा. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, वरून कितीही छान दिसलं तरी. धूळ ब्रशने झाडा, अॅल्युमिनियमची कड थिनरच्या फडक्याने पुसा आणि सगळं पूर्ण वाळू द्या.

दुकानात मागताना ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा. स्वस्त नळीला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते आम्ल धातूला आणि संगमरवराला खातं, सिमेंटवरही नीट टिकत नाही. लाकडी चौकटीवर पुढे रंग द्यायचा असेल तर सिलिकॉन नकोच, कारण त्यावर रंग बसत नाही. तिथे रंग घेणारं अॅक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा.

फट बोटाएवढी रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून बसवा आणि मग सीलंट भरा. दोरीने सामान वाचतंच, पण त्याहून मोठा फायदा असा की सीलंट फक्त दोन कडांना चिकटतं आणि ऊन-पावसात चौकट हलली की ते ताणू शकतं. सीलंटची खोली फटीच्या रुंदीच्या निम्मी पुरे. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, एका दमात रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने दाबून गुळगुळीत करा आणि साय धरायच्या आत टेप काढा. आतपर्यंत पक्कं व्हायला दिवसाला दोन-तीन मिलिमीटर असा हिशेब धरा. तोवर पाण्याची परीक्षा घेऊ नका.

खिडकीखालची ग्रॅनाइटची पट्टी बाहेर उतरती हवी, दहा सेंटिमीटरला किमान एक. वर एक गोटी ठेवा, ती आत घरंगळली तर दुसरा पुरावा नको. पट्टी भिंतीच्या बाहेर चार-पाच सेंटिमीटर आलेली असावी आणि तिच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर, एक खाच असावी. खाच नसली की पाणी पट्टीच्या पोटाला चिकटून भिंतीकडे परत येतं. गवंडी ग्राइंडरने ती अर्ध्या तासात पाडून देतो. माझ्या मते सगळ्या दुरुस्त्यांत कमी खर्चात सर्वात जास्त गुण देणारी ही एकच.

लाकडी खिडक्या

जुलैत झडप अडकते म्हणून तेव्हा रंधा मारू नका. फुगलेलं लाकूड कापलंत तर मार्चमध्ये आकसून बोटभर फट पडते आणि पुढच्या पावसात तीच गळते. जिथे घासतं तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा आणि मेमध्ये, मेस्तांना (सुतारांना) बोलावून, तेवढंच उतरवून घ्या.

चौकटीचे खालचे कोपरे आणि झडपेची खालची पट्टी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज रुतलं तर लाकूड कुजलंय. कुजका भाग पटाशीने निरोगी लाकूड लागेपर्यंत काढा, वाळवीचं औषध सोडा आणि त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा वॉटरप्रूफ गोंदाने बसवा. तुकड्याची वरची सांध तिरकी ठेवायला सांगा, म्हणजे पाणी तिच्यावर थांबत नाही. लहान खड्डा असेल तर इपॉक्सीची लांबी (पुट्टी) चालते. भुसा आणि साध्या फेविकॉलचा लगदा बाहेरच्या बाजूला भरू नका, पहिल्या पावसात तो विरघळतो.

रंगाचं म्हणाल तर एक जागा हटकून राहते: झडपेची अगदी खालची कड. ती दिसत नाही, म्हणून रंगारी तिथे ब्रश नेत नाही. उभ्या पट्ट्यांची टोकं तिथेच उघडी असतात आणि लाकूड सर्वात जास्त पाणी तिथूनच पितं. झडप काढून, उलटी करून, तिथे प्रायमरचे दोन हात द्या.

काचेची लांबी तडकली असेल तर सगळी काढा, खाचेला जवसाच्या तेलाचा हात द्या आणि नवी लांबी ४५ अंशांच्या उताराने भरा. साय धरायला आठवडाभर द्या, मगच रंगवा. रंग काचेवर दोन मिलिमीटर येऊ द्या. ती बारीक रेघच लांबी आणि काच यांची सांध झाकते.

जुन्या घरात शिंपल्यांची तावदानं असतील तर त्यांना सीलंट लावू नका. ती लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेली असतात, चिकटवलेली नसतात. एक शिंपला फुटला तर मेस्ताकडून टोकाची पट्टी सोडवून फक्त तेवढाच बदलता येतो. हा शिंपला देणारा जीव आता वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, चिखलीच्या खाडीत तो आजही आहे. म्हणून शेजारी कोणी जुनी खिडकी मोडत असेल तर शिंपले मागून जपून ठेवा. पणजीतल्या फोंतेनाससारख्या संरक्षित भागात राहत असाल तर खिडकीचं रूप बदलण्याआधी परवानगीची चौकशी करा.

समुद्राजवळ लोखंडी गज आतून गंजतात, गंज फुगतो आणि चौकटीला चीर पडते. ती चीर वरून बुजवून काही होत नाही. गंज तारेच्या ब्रशने पांढरा धातू दिसेपर्यंत काढा, झिंक प्रायमर द्या, मग चीर भरा. बिजागऱ्यांचे स्क्रू बदलताना स्टेनलेस स्टीलच्या ३१६ ग्रेडचे मागा. किनाऱ्यावर ३०४ लाही तांबेरा चढतो.

पाऊस सुरू झालाच असेल तर

ओल्या भिंतीवर सिलिकॉन धरत नाही, तेव्हा ते पैसे वाचवा. बाहेरून, खिडकीच्या हातभर वर, जाड प्लास्टिकचा पडदा पट्टीने ठोकून खाली मोकळा सोडा, किंवा आडोसा म्हणून माडाचे विणलेले झाप बांधा. झाप वारा जिरवतात आणि भिंतीला श्वास घेऊ देतात, म्हणून चिऱ्याच्या घराला तेच बरे. आतून ओल कुठे, किती वाजता, कुठल्या वाऱ्याला आली ते चौकटीजवळ पेन्सिलने लिहून ठेवा. वरच्या मजल्याच्या बाहेरचं काम आणि शेवाळलेल्या कौलांवर चढणं पावसात करू नका. त्यासाठी दोरी-परांचीवाला माणूसच बोलवा, आणि इमारत सोसायटीची असेल तर बाहेरच्या भिंतीचा खर्च कोणी करायचा ते त्याला बोलवायच्या आधीच लेखी ठरवून घ्या.