पर्शियन की सयामी? मांजर घरी आणताना या चुका टाळा

पर्शियन आणि सयामी यांच्यात अडकलेली माणसं बहुधा फोटो बघून ठरवतात, आणि तिथेच गडबड होते. आधी घरात कोण किती वेळ असतं ते बघा. पर्शियनला रोज १०-१५ मिनिटं कंगवा लागतो, सयामीला माणूस लागतो.

पर्शियन विकणारे ‘डॉल फेस’ (नाक पुढे आलेलं), ‘सेमी पंच’ (थोडं चपटं), ‘पंच फेस’ (पार आत गेलेलं) असे भाव लावतात. नाक जितकं आत, तितकी किंमत चढी. पण त्याच चपट्या नाकापायी मांजर घोरतं, डोळे सतत गळतात आणि उन्हाळा सोसत नाही. विदर्भात राहत असाल तर हे दोनदा वाचा. तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं तर ‘उकडत असेल’ म्हणत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. मला विचाराल तर डॉल फेसच घ्या.

चेहऱ्याच्या नादात मूत्रपिंडाचं विचारायचं राहून जातं. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार (पीकेडी) या जातीत बराच आढळतो. आईबापांपैकी एकालाच असला, तरी प्रत्येक पिल्लाला तो येण्याची शक्यता निम्मी. दोघांच्याही पीकेडी चाचणीचे रिपोर्ट मागा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा.

कानामागे, काखेत जटा झाल्या की लोक मांजराला आधी आंघोळ घालतात. भिजलेली जट आणखी आवळते. आधी स्टीलच्या कंगव्याने थोडी थोडी सोडवा, पाणी नंतर. कात्री नकोच. मांजराची कातडी पातळ, जटेबरोबर वर ओढली जाते आणि कापली जाते.

‘आखूड केस, म्हणजे कटकट नाही’ म्हणून सयामी आणायची आणि नवरा-बायको दोघांनी दिवसभर ऑफिसात राहायचं, हे जमणार नाही. ही जात बोलकी आहे, तेही चढ्या आवाजात; एकटी पडली की शेजाऱ्यांनाही कळतं. रात्री ओरडली म्हणून उठून खाऊ घातलंत, तर उद्याही त्याच वेळी उठवेल. त्यापेक्षा झोपण्याआधी दमेपर्यंत खेळवा आणि मग जेवायला द्या. पाच-सहा महिन्यांची मादी अचानक लोळत, टाहो फोडत फिरू लागली, तर बहुधा ती माजावर आलेली असते. डॉक्टरांशी नसबंदीचं बोला.

‘पांढरं पिल्लू देऊन फसवलं’ ही तक्रारही ऐकू येते. सयामी जन्मतः पांढरीच असते. गडद रंग अंगाच्या थंड भागांवर चढतो: कान, तोंड, पंजे, शेपूट. म्हणून उष्ण हवेत तो फिका राहू शकतो. शस्त्रक्रियेसाठी भादरलेल्या जागी केस काळपट उगवले, तरी घाबरू नका.

जात कुठलीही असो, ‘लहान आणलं की लवकर माणसाळतं’ असं सांगून महिन्याभराचं पिल्लू गळ्यात मारतात. १२ आठवडे ते आईजवळच हवं. आणल्यावर पहिले काही दिवस आधीचंच खाणं द्या, मग आठवडाभरात हळूहळू बदला. पिल्लाने दिवसभर तोंडात काही घेतलं नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.