पोर्ट म्हणजे ती काकवीसारखी बाटली नव्हे

गोव्यात पोर्ट वाइन म्हटलं की इथलीच, स्वस्तातली, काकवीसारखी गोड बाटली आठवते, आमच्याकडे म्हापशाला नाताळात शेजारची आंटी केकसोबत तीच द्यायची आणि मला कित्येक वर्षं ती पोर्तुगालहून येते असंच वाटायचं. खरी पोर्ट तिकडे दोरो नदीच्या खोऱ्यात होते, 1756 मध्येच त्या भागाची हद्द आखून दिलेली. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात 77 टक्के अल्कोहोलची द्राक्षाचीच दारू ओततात, यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते, म्हणून ती गोडही आणि 20 टक्क्यांच्या आसपास कडकही. छोटा ग्लास बास.

पण पोर्तुगीज वाइन चाखायची सुरुवात हिच्यापासून नका करू, एकदा तोंड गोड झालं की ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन नुसती आंबट लागते. आधी विन्यो व्हेर्द ही तिकडचीच साधी वाइन घ्या. व्हेर्द म्हणजे हिरवी, पण ते कोवळी, ताजी या अर्थानं, रंगाचा संबंध नाही. हलकी, आंबटसर, कधीकधी जिभेवर जरा चुरचुरते, रवा लावून तळलेल्या बांगड्यासोबत तर विचारूच नका. लेबलवर 'सेको' असेल तर ड्राय, 'दोसे' म्हणजे गोड (आपली गोव्याची चण्याची मिठाई, दोस, आठवा, विसरणार नाही). मग पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या आलेंतेजो भागाची रेड आणि चोरीस पाव.

आता पोर्ट. तिचे नेहमीचे दोन प्रकार, रुबी आणि टॉनी. रुबीला हवा फारशी लागू देत नाहीत म्हणून ती लालच राहते, फळांचा स्वाद. टॉनी लाकडी पिंपात वर्षानुवर्षं पडून तपकिरी होते, अक्रोड, सुकं अंजीर असा वास. पहिल्यांदा पैसे घालायचे तर माझं मत 10 वर्षांची टॉनी, बेबिंकाच्या भाजलेल्या थरांशी तिचं छान जमतं.

मदेरा, म्हणजे पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची वाइन, तिचा प्रकार वेगळाच. जुन्या काळी जहाजातून उन्हाचे समुद्र पार करून परतलेली पिंपं उलट जास्त चवदार निघायची, म्हणून आता मुद्दाम तापवतात, टाकीत 45-50 डिग्रीला किमान तीन महिने, नाहीतर चांगली वाली माळ्यावर वर्षानुवर्षं. हिच्या प्रकारांत सर्सियाल सगळ्यात ड्राय, मग व्हेर्देल्यो, बुआल आणि शेवटी गोडमिट्ट मालव्हाझिया. उघडलेली बाटली महिनोन् महिने टिकते, आपल्या मे महिन्याला पुरून उरणारी हीच एक.

बाकीच्यांचं तसं नाही हां. मी रुबी उघडून शोकेसमध्ये ठेवली, दोन महिन्यांनी बघतो तर चिंचेचा कोळ! उघडलेली बाटली सरळ फ्रिजमध्ये, रुबी दोन-तीन आठवड्यांत संपवा, टॉनी महिना-दीड महिना चालते. 'रूम टेंपरेचर'ला प्या म्हणतात ती रूम तिकडची, पणजीतली नव्हे, तेव्हा रेडसुद्धा प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये.

आणि कुणी व्हिंटेज पोर्ट (एकाच वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीतच जुनी होणारी, म्हणून तळाशी गाळ) भेट दिलीच तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, दुसऱ्या भांड्यात हळूहळू ओता, गळ्याशी गाळ आलेला दिसला की हात थांबवा.